मातीचा टायर, डांबराचा टायर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारसायकलचा टायर जमिनीला नेमका किती टेकतो, हे आपण सहसा बघत नाही. चाक दोन-सव्वादोन फूट उंचीचे दिसते, पण कोणत्याही क्षणी त्याचा जो भाग रस्त्याला लागलेला असतो, तो जेमतेम तळहाताएवढा. पुढचा एक तळहात आणि मागचा एक तळहात. गाडीचे दीडशे-दोनशे किलो, वर बसलेले तुम्ही, मागे घरचे माणूस, टाकीवर बसवलेले पोर, हे सगळे ओझे त्या दोन तळहातांवर असते. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबवतात ते हेच आणि घाटाच्या वळणावर तिला धरून ठेवतात तेही हेच. इंजिनाची ताकद काय, डिस्क ब्रेक काय, एबीएस काय, प्रत्येकाची मजल तिथपर्यंतच आहे. सव्वाशे सीसीवरच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, ही फार चांगली गोष्ट झाली. पण एबीएस काय करते? चाक जागच्या जागी जाम होऊ देत नाही. जी पकड टायरमध्ये मुळात नाही ती कुठून आणून देत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पंचवीसहून अधिक वर्षे मी मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवले. इंजिन उघडायचे म्हटले की सगळे पुढे येत. टायरचा तास असला की निम्मा वर्ग चहाला. आता निवृत्त झालो तरी जुन्या मुलांचे फोन येतात, आणि अलीकडे त्यात एक प्रश्न सारखा असतो. "सर, हिमालयनला कोणते टायर टाकू?" "सर, एक्सपल्सला बटणाचे टायर बसवले तर चालेल का?" डांबरी रस्त्यावरही चालावी आणि कच्च्यावरही, अशी जी गाडी असते तिचे टायर निवडायचे कसे, त्याविषयी आज बोलायचे आहे.

अशा दुहेरी कामाच्या गाड्या काही आजच्या नाहीत. यामाहाने १९६८ मध्ये डीटी-१ बाजारात आणली, तेव्हापासून हा प्रकार जगभर रुळला. बीएमडब्ल्यूची आर-८० जी/एस १९८० ची. त्यातली दोन अक्षरे जर्मन शब्दांची आहेत, एक मोकळ्या रानाचे आणि एक रस्त्याचे. आपल्याकडे हीरोची इम्पल्स २०११ मध्ये आली आणि फार चालली नाही. २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स, आणि मग मात्र या गाड्या गावोगाव दिसू लागल्या. अर्थात आमच्या पिढीला याचे थोडे हसू येते. चार-चार कॅन लावून दूधवाल्याची राजदूत ओढ्यातून, बांधावरून, शेणामातीतून रोज डेअरीपर्यंत यायची. तिला पुढे उभ्या रेघांचा आणि मागे साध्या ठोकळ्यांचा टायर असायचा. तिला कोणी साहसी गाडी म्हटले नाही. फरक इतकाच, की तो दूधवाला ताशी तीस-पस्तीसच्या वर जात नव्हता. आजची गाडी त्याच दिवशी चौपदरी रस्त्यावर नव्वदने धावते आणि संध्याकाळी मुरमात उतरते. अडचण तिथे आहे.

टायरची नक्षी म्हणजे शोभा नव्हे. मातीच्या टायरला मोठे मोठे गठ्ठे असतात, दोन गठ्ठ्यांमध्ये रुंद मोकळी जागा असते. दुकानदार त्यालाच बटणाचा टायर म्हणतात. मऊ जमिनीत हे गठ्ठे आत रुततात आणि मातीला ढकलून गाडी पुढे नेतात, बैलाचा खूर चिखलात रुततो तसे. रस्त्याच्या टायरला उलट जास्तीत जास्त रबर लागते आणि मोकळी जागा पाणी बाहेर काढण्यापुरतीच ठेवतात. आता बटणाचा टायर डांबरावर आणला म्हणजे काय होते? डांबरात गठ्ठा रुतत नाही. तो नुसता टेकतो. त्या तळहातातला बराच भाग मोकळ्या जागेने खाल्लेला असतो, म्हणून रस्त्याला लागणारे रबरच कमी. शिवाय गठ्ठा उंच असल्यामुळे जोरात ब्रेक लावला की तो वाकतो, वळणावर गाडी कलली की एका गठ्ठ्यावरून दुसऱ्यावर जाताना हलतो. चालवणाऱ्याला वाटते की गाडी आपल्या खालून किंचित सरकते आहे. कोरड्या रस्त्यावर याची सवय होते. पावसात सवयीचा उपयोग नाही.

आवाजही येतो, गुणगुणल्यासारखा, वेग वाढला की वाढत जाणारा. काहींना तो आवडतो. मला विचाराल तर दिवसाचे सहा तास तो ऐकून माणूस थकतो आणि थकलेला माणूस उशिरा ब्रेक लावतो.

टायरविषयी बोलताना टक्क्यांची भाषा चालते. ऐंशी-वीस म्हणजे ऐंशी टक्के रस्ता आणि वीस टक्के माती, मग साठ-चाळीस, मग पन्नास-पन्नास. भाषा सोयीची आहे, पण हे आकडे कोणत्या प्रयोगशाळेत मोजलेले नसतात. जो बनवतो तोच अंदाजाने सांगतो. एकाचा साठ-चाळीस दुसऱ्याच्या ऐंशी-वीससारखा निघू शकतो. त्यापेक्षा टायर हातात घेऊन बघावा. मधल्या पट्ट्यातले ठोकळे एकमेकांना चिकटून आहेत का, की मधे बोट आडवे जाते? मधोमध सलग पट्टा असेल तर तो सरळ रस्त्यावर जास्त टिकेल आणि कमी थरथरेल. कडेचे ठोकळे मोठे आणि सुटे असतील तर तो मातीकडे झुकलेला. मग अंगठ्याने रबर दाबून पाहावे. फार कडक रबर पुष्कळ किलोमीटर जाते, पण ओल्या रस्त्यावर दगा देते. ही हातपरीक्षा आहे, काटेकोर नाही. तरी कागदावरच्या टक्क्यांपेक्षा मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

आता मुख्य मुद्दा. आपण किती टक्के रस्त्यावर आणि किती टक्के मातीत जातो, हा प्रश्न बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा, की पडलो तर कुठे किती लागेल? चिखलात माणूस पडतो तो ताशी दहा-पंधराच्या वेगाने. कपडे खराब होतात, आरसा मोडतो, फार तर पाय मुरगळतो. ओल्या डांबरावर पडतो तो पन्नास-साठने, आणि समोरून एसटी किंवा ट्रक येत असतो. म्हणून टायर असा हवा की जिथे पडणे महागात पडते तिथे तो उत्तम असावा आणि जिथे पडणे स्वस्त आहे तिथे कामापुरता असला तरी चालेल. बहुतेक तरुण मुले नेमके उलटे करतात, कारण बटणाच्या टायरने गाडी रुबाबदार दिसते. दिसते, यात शंका नाही.

आमच्याच संस्थेतून वायरमनचा ट्रेड केलेला एक मुलगा कोयनेच्या खोऱ्यात वीज कंपनीत आहे. जुनी एक्सपल्स घेतली आहे त्याने. पावसाळ्यात तारा तुटतात, खांब कलतात, रात्री-अपरात्री फोन येतो आणि याला निघावे लागते. एका मे महिन्यात त्याचा फोन आला. टायर गोटा झाले होते, जून तोंडावर आला होता. दुकानात त्याला सांगितले होते की या गाडीला सगळे जण बटणाचेच टाकतात. पण त्याच्याच कार्यालयातला एक जण आदल्या पावसाळ्यात तसेच टायर लावून घाटात घसरला होता आणि खांद्याचे हाड मोडून दोन महिने घरी बसला होता. "सर, मला सड्यावर जावंच लागतं. तिथं साधा टायर चालत नाही म्हणतात. काय करू?" मी म्हटले, "आधी मला तुझा रस्ता सांग. आठवणीनं नको, उद्या मीटर बघून मोज."

दुसऱ्या दिवशी त्याने मोजून सांगितले. त्याची नेहमीची फेरी अडतीस किलोमीटरची. त्यात एकोणतीस किलोमीटर डांबर, त्यातच घाट. सहा किलोमीटर मुरूम. उरलेले तीन किलोमीटर सड्यावरचा जांभा. आणि चिखल? "चिखल म्हणजे सर, वाडीत शिरताना शंभर-दोनशे मीटर."

या हिशेबातली गंमत पाहा. सडा म्हणजे खडक. जांभ्यावर पावसाळ्यात शेवाळ धरते, तो साबणासारखा निसरडा होतो, हे खरे. पण बटणे रुतायला तिथे माती आहे कुठे? खडकावर बटणाचा टायर डांबरावर वागतो तसाच वागतो, म्हणजे कमी रबर टेकवतो. तिथे उपयोगी पडते ते मऊ रबर, थोडी कमी केलेली हवा आणि सावकाश चालणे. दाबून बसलेल्या मुरमाचेही तेच. सुटी खडी वर असेल तर ठोकळ्यांचा फायदा होतो, पण त्याला मधल्या प्रकारचा टायर पुरतो. सह्याद्रीत आपण ज्याला कच्चा रस्ता म्हणतो त्यातला फार मोठा भाग हा असा कठीण पाठीचा आहे. म्हणजे त्या मुलाच्या अडतीस किलोमीटरमध्ये खऱ्या अर्थाने बटणाच्या टायरची जागा होती शंभर-दोनशे मीटर.

मराठवाड्यातले आणि विदर्भातले लोक म्हणतील, आमच्याकडे या, मग कळेल. कबूल आहे. काळ्या रेगड जमिनीचा चिखल ही गोष्टच वेगळी. पण तिथला अनुभव काय सांगतो? पहिल्या पन्नास फुटांत दोन बटणांमधली मोकळी जागा काळ्या मातीने गच्च भरते आणि महागाचा टायर गुळगुळीत लाडू होतो. पुढचा मडगार्ड चाकाला लागून असेल तर माती तिथे अडकून चाकच फिरेनासे होते. मातीच्या गाड्यांचा मडगार्ड चोचीसारखा उंच का असतो, त्याचे कारण हेच. बटणे जितकी दूर दूर, तितकी माती फेकली जाण्याची शक्यता जास्त, पण तेवढा वेग त्या चिखलात घेता येत नाही. वापसा आल्याशिवाय शेतकरी रानात औत घालत नाही. गाडी घालणाऱ्यानेही तेच करावे, दोन दिवस थांबावे किंवा लांबच्या पक्क्या रस्त्याने जावे. काही रस्त्यांवर चालेल असा टायर कुणी बनवलेला नाही.

त्या मुलाला मी मधला टायर घ्यायला सांगितला. ठोकळे ठसठशीत, पण मधे जवळ जवळ बसवलेले. पुढे आणि मागे एकाच जातीचा. आणि तो जूनच्या आधी घे, म्हटले, कारण नव्या टायरची खरी परीक्षा पहिल्या पावसात होते. धूळ, गळलेले तेल आणि पहिली सर यांचा जो थर रस्त्यावर होतो, त्यावर तर चांगला टायरही चाचपडतो.

पुढे एक आणि मागे दुसरा, असे मिश्र टायर लावावेत का, हा प्रश्नही येतो. मागचा टायर लवकर झिजतो, कारण ओढण्याचे काम त्याच्याकडे. म्हणून काही जाणकार मागे रस्त्याचा टिकाऊ आणि पुढे मातीचा लावतात. त्यांचे म्हणणे असे, की मागचे चाक घसरले तर गाडी सावरता येते, पुढचे घसरले तर माणूस खालीच जातो, तेव्हा मातीत पुढची पकड महत्त्वाची. मातीपुरते हे बरोबर आहे. पण डांबरावर जोरात ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा टायर करतो. आपल्या पावसात, आपल्या घाटात, पुढे बटणे लावण्याचा सल्ला मी तरी देणार नाही. ज्याचा दिवस शेतात आणि रानातच जातो त्याने खुशाल लावावा.

आकड्यांकडे वळू. टायरच्या बाजूला ९०/९०-२१ असे लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के त्याची उंची. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. हिमालयन आणि एक्सपल्स २००, दोन्हींना पुढे हाच आकार. एकवीस इंची चाक खड्ड्यात कमी पडते आणि दगडावरून सहज चढते, आणि अरुंद टायर मातीत नांगराच्या फाळासारखा दिशा धरतो. म्हणून रुंद टायर घातला की पकड वाढेल, ही समजूत सोडून द्यावी. रिमला न शोभणारा रुंद टायर घातला तर त्याचा गोलवा बिघडतो आणि वळणावर गाडी अडून बसते.

त्यापुढे ५४एस अशासारखे काही असते. तो वजनाचा आणि वेगाचा आकडा. ५४ म्हणजे तो टायर एकटा दोनशे बारा किलो पेलू शकतो. ६५ असेल तर दोनशे नव्वद किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, पी म्हणजे १५०. आपल्याला १८० ने जायचे नाही, हे खरे, पण दोघे बसून मागे दोन पेट्या बांधून लांब जाणाऱ्याने मागच्या टायरचा वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नाही ना, हे बघितलेच पाहिजे. आयएसआयची खूण हवीच. बाणही पाहावा. चाक कोणत्या दिशेने फिरायचे ते तो बाण सांगतो. उलटा बसवलेला टायर मी ओळखीच्याच एका दुकानातून आलेला पाहिला आहे, आणि गाडीवाल्याने तो तसाच चार महिने चालवला होता.

तारीख हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बहुतेक टायरांवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २४२३ असेल तर तो टायर २०२३ च्या चोविसाव्या आठवड्यात तयार झाला. या गाड्यांचे टायर मोटारीच्या टायरांइतके खपत नाहीत, त्यामुळे लहान गावातल्या दुकानात ते वर्षानुवर्षे वर टांगलेले राहतात. उन्हाने आणि हवेने रबर कडक होते, खाचांच्या बुडाशी बारीक चिरा पडतात. नक्षी कोरी करकरीत आणि रबर म्हातारे. सवलतीत मिळतोय म्हणून असा टायर घेऊ नये. तीनचार वर्षे जुना दिसला तर दुसरा मागावा, नाही म्हणाला तर दुसरे दुकान गाठावे.

झिजलेला टायर कधी बदलायचा? कायद्याने दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर खोली पाहिजे, आणि ती कळावी म्हणून खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे दिलेले असतात. ठोकळे झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला. पण हा कायद्याचा किमान आहे. कच्च्या रस्त्याचे काम त्याच्या किती तरी आधी संपते. मागच्या टायरचा मधला पट्टा सपाट होऊन गाडी वळताना आडमुठेपणा करू लागली, की पैशांची तजवीज करायला लागावे.

आता हिमालयाकडे. पुण्या-मुंबईची मुले उन्हाळ्यात स्पितीला निघतात. माझा भाचाही निघाला होता आणि त्याने पुण्यातूनच बटणाचे टायर चढवून जायचे ठरवले होते. मी त्याला कागद घेऊन बसवले. पुणे ते मनाली दोन हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन, वरचे फिरणे धरून साडेचार हजार. त्यात खराब रस्ता किती? ग्रांफू ते बातल हा सुमारे पन्नास किलोमीटरचा पट्टा दगडगोट्यांसाठी आणि वाहत्या नाल्यांसाठी प्रसिद्ध. पुढे कुंझुम खिंडीचा चढ-उतार, चंद्रतालाचा फाटा, कुठे दरड पडली असेल तर तेवढे तुकडे. सगळे मिळून दोनशे-तीनशे किलोमीटर. म्हणजे राजस्थान आणि पंजाबच्या तापलेल्या सडकेवर चार हजार किलोमीटर बटणे झिजवायची, आणि ज्यासाठी ती घेतली तिथे पोचेपर्यंत मागच्याची निम्मी उंची गेलेली. "मामा, पण तिथं पाण्यात दगड असतात." असतात. गोल गोटे असतात आणि दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांचे पाणी वाढते. तिथे सकाळी लवकर निघणे हे कोणत्याही टायरपेक्षा जास्त उपयोगी. ज्याला बटणे हवीतच त्याने मधल्या टायरवर मनालीला जावे, तिथे बदलून घ्यावेत. तसे करणारे आहेत. भाच्याला ते पटले नाही, तो बटणे लावूनच गेला. मग मी निदान ट्यूबांकडे लक्ष दिले.

ट्यूबांचे सांगायलाच हवे, कारण वर अडकून पडणारे बहुतेक जण टायरमुळे नाही, ट्यूबमुळे अडकतात. तारांच्या चाकात प्रत्येक तारेचे टोक रिमच्या मधून आत येते, तिथून हवा निसटते, म्हणून ट्यूब लागते. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये तारा रिमच्या कडेला अडकवून तारांच्या चाकातही ट्यूबलेस टायर बसवला. ती युक्ती आता इकडेही काही गाड्यांना मिळते, पण रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना अजून ट्यूबच आहे. ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर हवा हळूहळू जाते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. ट्यूब फाटली तर क्षणात बसते. नवीन टायरबरोबर नवीन ट्यूब घालावी, जुन्या ठिगळाच्या ट्यूबवर नवा टायर चढवण्यात काटकसर नाही. बरोबर एक एकवीस इंची ट्यूब ठेवावी. ती पुढच्या चाकाची तर आहेच, पण अगदी अडले तर मागच्यात घडी न पडू देता बसवून जवळच्या गावापर्यंत पोचता येते. उलटे, म्हणजे मागची पुढे, जमत नाही. वरच्या खेड्यांतल्या पंक्चरवाल्याकडे एकवीस इंची ट्यूब असेलच, अशा भरवशावर जाऊ नये. दोन टायर लिव्हर, हातपंप, आणि घरी एकदा तरी स्वतः चाक काढून टायर उतरवून परत चढवलेला असावा. भाच्याला मी अंगणात तीन वेळा करायला लावले. तिसऱ्या वेळी चाळीस मिनिटे लागली, आणि पहिल्या वेळी त्याने लिव्हरने ट्यूबच चिमटली होती. ती अंगणातच चिमटली, ते बरे झाले.

हवेविषयी. गाडीबरोबर जे पुस्तक येते त्यात एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. तेच खरे धरावेत. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. पेट्रोल पंपावर गरम टायरची हवा बघून "जास्त आहे" म्हणून काढून टाकणारे पुष्कळ आहेत. खडीच्या किंवा मातीच्या लांब पट्ट्याला पाच-सहा पौंड कमी केली तर तो तळहात थोडा मोठा होतो, टायर दगडाला मिठी मारतो. पण डांबरावर आल्यावर ती परत भरायलाच हवी. कमी हवेचा टायर वेगात तापतो. फार कमी केली तर रिमवर टायर सरकतो, त्याबरोबर ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते. व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला की हे होऊ घातले आहे असे समजावे. काही जण विचारतात की उंचावर हवा आपोआप वाढते का. बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे काट्यावर ती वाढलेली दिसते. साडेचार हजार मीटरवर मनालीच्या मानाने तीनेक पौंड. पण वर थंडीही असते आणि थंडीने जवळपास तेवढीच उतरते. त्यासाठी खिंडीत उभे राहून हवा सोडण्याची गरज नाही.

वायरमन मुलाने टायर बसवल्यावर फोन केला, "सर, लगेच घाटात जाऊन बघतो." त्याला थांबवले. साच्यातून निघालेल्या नव्या टायरची पाठ गुळगुळीत असते, तिच्यावर चकाकी असते. ती जाईपर्यंत पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी सरळ आणि सावकाश चालवायची, हळूहळू थोडी थोडी कलवायची, जोरात ब्रेक टाळायचा. काहीजण पॉलिश लावून टायर चमकवतात, तसे तर मुळीच करायचे नाही. त्याने तो आठवडा बाजाराच्या आणि सासुरवाडीच्या कोरड्या रस्त्यावर काढला. सोळा जूनला पाऊस लागला, आणि त्या रात्री सड्यावरची लाइन गेली.